बापाची रजा

गार्गीच्या उष्टावणाला रविवार धरला, तेव्हा भांडण होईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. बदनापूरला स्टेशनकडच्या गल्लीत शिवाजी आणि दैवशालाचं भाड्याचं घर. पुढं चार माणसं टेकतील एवढा ओटा, मागं धुण्याचा दगड आणि शेवग्याचं झाड. तेवढ्या घरात सकाळपासून केदारखेड्याची माणसं येऊन बसली होती. शिवाजीचे वडील बद्रीनाथ, ज्यांना घरातले सगळे आबा म्हणत, आई तुळजाबाई, थोरला भाऊ रामप्रसाद आणि वहिनी पुष्पाबाई. आबांनी घरच्या म्हशीच्या दुधाचा कॅन मांडीवर धरून आणला होता. पिशवीच्या दुधाची खीर नातीच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट.

टेंभुर्णीहून दैवशालाचा भाऊ मच्छिंद्र आला तो चांदीची वाटी आणि गुलाबी फ्रॉक घेऊन. मामानं अंगठी खिरीत बुडवली, भाचीच्या ओठाला लावली. गार्गीनं आधी तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून चव घेतली, आणि पुढच्या वेळी मामाचं बोटच दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सोडवता सोडवता मच्छिंद्रला घाम फुटला.

"टेंभुर्णीचंच रगत हाय," तो कौतुकानं म्हणाला.

"हात बघ की तिचे. केदारखेड्याचे हायेत ते," आबा म्हणाले, आणि सगळे हसले.

पंगत बसली तरी हसणं चालूच होतं. शिवाजी वाढत होता. दुसरी पोळी मोडता मोडता तुळजाबाईंनी सहज विषय काढला.

"दैवशाला, उद्यापासून तुझी ड्युटी ना? मंग पोरीचे कपडे आत्ताच भरून ठेव. संध्याकाळी आमच्यासंगं घेऊन जाते."

दैवशाला जालन्याला एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. बी किती उगवतं, पेरायच्या लायकीचं आहे का, ते तपासायचं काम. तिची सहा महिन्यांची रजा आज संपत होती. उद्या ती परत रुजू होणार होती ती साधी नाही, त्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून. आधीचे साहेब हैदराबादला गेले आणि कंपनीनं ती खुर्ची तिला देऊ केली. बाई त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसणार होती. पण खरिपाचं बी बाजारात जायच्या आधी हजर व्हायला हवं, एवढं कंपनीनं सांगून ठेवलं होतं.

ती काही बोलायच्या आत मच्छिंद्र म्हणाला, "मावशी, तुम्हाला कशाला तरास? टेंभुर्णीला माय रिकामीच हाय. मी गाडी घेऊनच आलोय."

"तरास कसला? आमची नात हाय."

"आमची भाची न्हाई का?"

"केदारखेड्याला म्हशीचं दूध हाय घरचं," आबा मध्ये पडले.

"आमच्याकडं गायीचं हाय. लेकराला ते हलकं पडतं."

लिलावात बोली चढावी तशी बोली चढत गेली. पोरीला कुठं हवा चांगली, कुठं दवाखाना जवळ, कुणाच्या घरी पाळणा आहे, सगळं निघालं. दैवशाला खालमानेनं ऐकत राहिली. शिवाजीनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"गार्गी कुठंच जाणार न्हाई," तो म्हणाला. "मी घरी राहणार हाय. उद्यापासून दोन महिने. रजा मंजूर झाली."

रामप्रसादचा घास हातातच राहिला. "कशाची रजा?"

"बाप झाल्याची."

"बाप होऊन सहा महिने झाले."

"लेकरू वर्षाचं व्हायच्या आत कधीबी घेता येती. हिची रजा संपली की माझी सुरू, असं आम्ही आधीच ठरवलं होतं."

"बिनपगारी?"

"पगारी."

रामप्रसादनं ताट बाजूला सारलं आणि वडिलांकडं पाहिलं. "आबा, याची नोकरी गेली. घरी बसायचा पगार कुणी देतं का? सांगायला लाजून राह्यलंय बिचारं."

"बायकांना देतात की," शिवाजी म्हणाला.

"बायकांची गोष्ट न्यारी."

शिवाजी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात होता, डिस्पॅचला. माल भरलेली गाडी त्याची सही झाल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. आबांनी ही गोष्ट केदारखेड्याच्या चहाच्या हॉटेलात इतक्यांदा सांगितली होती, की लोक आता त्यांच्याआधी वाक्य पुरं करीत. त्याच हॉटेलात उद्या काय सांगायचं? पोरगा घरी बसून लंगोट धुतो, आणि सून डबा घेऊन कामाला जाते? आबांच्या डोळ्यांपुढं बाकावरचे चेहरे एकेक करून आले आणि जेवणावरचं मन उडालं.

"शिवाजी," ते म्हणाले, "लोक हसतील बाबा."

"हसू द्या, आबा."

"तुला सोपं हाय. तू इथं राहतोस. त्यांच्यात मला बसायचं असतं."

तुळजाबाईंना वेगळंच लागलं होतं. "म्हणजे माझ्यावर भरवसा न्हाई? तुम्ही दोघं भाऊ कुणी वाढवले?"

"माय, तसं न्हाई."

"मंग कसं?"

शिवाजीला नीट सांगता आलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत तो सकाळी निघायचा तेव्हा गार्गी झोपलेली, आणि यायचा तेव्हाही बहुतेक झोपलेलीच. मागच्या आठवड्यात तिला कडेवर घेतलं तर ती परक्या माणसाकडं बघून रडते तशी रडली होती. हे सगळ्यांसमोर बोलायचं कसं? तो फक्त म्हणाला, "मला करायचंय ते, माय."

पुष्पाबाईंनी ताटातली कोथिंबीर एका कडेला लावली आणि हळूच म्हणाल्या, "नशीब लागतं बाई. आमच्या टायमाला बाराव्या दिवशी मी वावरात गेल्ते. हे कुठं गेल्ते, इचारा."

"मी बी वावरातच होतो ना," रामप्रसाद म्हणाला.

"होते. बांधावर."

मच्छिंद्रला हसू आलं, ते त्यानं पाण्याच्या तांब्यात लपवलं. बहिणीची बाजू घ्यावी तर दाजी घरी बसणार, आणि दाजीला विरोध करावा तर बहिणीची खुर्ची जाणार. या पेचातून सुटायला त्यानं गार्गीचं तोंड पुसायला घेतलं. तिनं खिरीनं भरलेले हात सरळ बापाच्या शर्टाला पुसले. शिवाजीनं तिला उचललं, आणि नेमका तेव्हाच फळीवरचा त्याचा फोन वाजला.

"भागवतसाहेब," रामप्रसादनं नाव वाचलं. हे शिवाजीचे मॅनेजर. शिवाजीचे दोन्ही हात चिकट, कडेवर पोरगी. म्हणून रामप्रसादनंच फोन उचलला, स्पीकर लावला आणि भावापुढं धरला. खरं काय ते आता कळेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"शिवाजी, रविवारी त्रास देतोय. उद्या येतोयस ना?"

"साहेब, उद्यापासून रजा हाय. शेठजींची सही झाली."

"झाली रे. सही करायला काय लागतं? हुकमचंद शेठची मुलगी ऑफिसात बसायला लागली, तिनं नियम काढला. कनिकामॅडमचं मन मोडायचं नाही म्हणून शेठ हो म्हणाले. असा नियम बोर्डावर शोभायला असतो. इतक्या माणसांत पहिला तूच का निघालास?"

गार्गीनं फोनकडं हात केला.

"मी तुला गेल्या आठवड्यात सांगितलं होतं," भागवतसाहेब पुढं म्हणाले. "पुढच्या महिन्यात डिस्पॅचचा सगळा चार्ज तुझ्याकडं यायचाय. तू घरी बसलास तर तो दुसऱ्याला जाईल. मग माझ्याकडं यायचं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात दैवशाला भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं शिवाजीकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली, आणि तिला कळलं की हे त्याला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

"आणि मला एक सांग," फोनमधून आवाज आला, "घरात बाया नाहीत का पोरीला बघायला?"

हा प्रश्न पुष्पाबाईंनी याआधी ऐकला होता, जरा वेगळ्या शब्दांत. त्यांचा धाकटा तीन महिन्यांचा असताना गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची निवड झाली होती. बातमी घेऊन त्या घरी आल्या, तेव्हा आबा, रामप्रसाद, तुळजाबाई सगळ्यांनी एकच विचारलं होतं, पोराला कोण बघंल? कुणी नाही म्हटलं नव्हतं. विचारलं होतं फक्त. आणि त्याला उत्तर नव्हतं, म्हणून ती जागा गल्लीतल्या दुसऱ्या बाईला गेली. अजूनही त्या बाईची निळी साडी सकाळी दारावरून जायची, तेव्हा ती दिसू नये म्हणून पुष्पाबाई सडा टाकायला उशीर करीत. पोराला कोण बघंल याचं उत्तर 'बाप' असंही असू शकतं, हे तेव्हा घरात कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांना स्वतःलासुद्धा.

"बाया हायेत, साहेब," पुष्पाबाई जागेवरूनच म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण सगळं घर त्यांच्याकडं वळलं. "आजवर त्याच बघत आल्या. आता बाप बघून राह्यला, तर तुमचं काय बिघडलं?"

भागवतसाहेबांचा आवाज चढला. "कोण बोलतंय? शिवाजी, वडील आहेत का तिथं? त्यांना दे."

रामप्रसादनं फोन आबांपुढं नेला. आबांनी उजवा हात खरकटा म्हणून डाव्या हातात धरला.

"बोला. मी शिवाजीचा बाप."

"नमस्कार काका. तुम्ही जुनी माणसं. तुम्हीच समजवा पोराला. बायकांच्या कामासाठी पुरुषानं घरी बसायचं म्हणजे काय? लोक हसतील."

आत्ता पाच मिनिटांपूर्वी आबा स्वतः हेच बोलले होते. पण आपल्या तोंडून निघालेलं ते वेगळं होतं. त्यात पोराची काळजी होती. हा कोण लागून गेला त्यांच्या पोराला हसणारा?

"हसतील ते केदारखेड्याला येऊन हसतील का?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"न्हाई, मी इचारून राह्यलो. हसणारे लोक तुमच्या कारखान्यातले हायेत का आमच्या गावचे? गावचे असले तर माझं मी बघतो. कारखान्यातले असले तर तुम्ही बघा. साहेब तुम्ही हाव."

"काका, तुमच्या लक्षात येत नाही…"

"एक सांगा. सही शेठची हाय ना?"

"आहे, पण…"

"मंग शेठच्या वर तुम्ही बसता का?"

"नमस्कार करतो," आबा म्हणाले आणि फोन रामप्रसादच्या हातात दिला. त्यांना तो बंद करता येत नव्हता. रामप्रसादनं बंद केला. मच्छिंद्रच्या पाण्याच्या तांब्यातून बुडबुड्यांचा आवाज आला.

"आबा," रामप्रसाद म्हणाला, "तुम्ही तर म्हणत होते की…"

"मी काय म्हणत होतो ते मला ठावं हाय. तू जेव."

स्वयंपाकघरात दैवशालानं पातेलं ओट्यावर आपटलं. शिवाजी मागोमाग आला.

"चार्जचं मला सांगितलं न्हाई तुम्ही."

"सांगितलं असतं तर तू राजीनामा दिला असता."

"हे तुम्हीच ठरवलं." ती हळू आवाजात बोलत होती, म्हणून शब्द जास्त लागत होते. "बाहेर सगळ्यांनी मिळून माझ्या पोरीचं ठरवलं. तुम्ही एकट्यानं माझं ठरवलं. फरक काय झाला?"

शिवाजीला वाटलं होतं ती खूश होईल, निदान गहिवरेल. त्यानं शर्टावरची खीर चिमटीनं काढायचा प्रयत्न केला.

"चुकलं," तो म्हणाला. "पण आता तूच सांग. कळलं असतं तर काय केलं असतं?"

दैवशालानं खरंच विचार केला. खिडकीतून शेवग्याच्या शेंगा दिसत होत्या. खुर्ची सोडली असती? रात्रभर रडले असते, भांडले असते, याचे उपकार नकोत म्हणाले असते. आणि सकाळी?

"गेलेच असते," ती म्हणाली. "तुम्हाला म्हटलं असतं, तुमचा चार्ज दोन वर्षांनी येईल, माझी खुर्ची परत येणार न्हाई. पण हे मी म्हणायचं होतं. तुम्ही माझ्या वाट्याचं बोलायचं न्हाई."

"बरं."

"बरं काय? शर्ट काढा, भिजत घालते." मग थांबून ती म्हणाली, "न्हाई. तुम्हीच घाला. उद्यापासून करायचंच हाय."

संध्याकाळी केदारखेड्याला जायची गाडी निघताना आबा गाडीत बसलेच नाहीत. साहेबाला आपण एवढं बोललो, आता याला बराबर जमतंय का ते बघून मगच येतो, असं त्यांनी सांगितलं. तुळजाबाई अजून थोड्या रुसलेल्या होत्या, तरी जाताना त्यांनी शिवाजीला पोरीचं पोट दुखलं तर ओवा कसा शेकायचा ते दोनदा सांगितलं. पुष्पाबाईंनी दैवशालाच्या हातात घरी तळलेल्या मुरकुलांचा डबा दिला.

"जालन्याला ने. डब्यासंगं खाय," त्या म्हणाल्या. "आणि खुर्चीवर टेकून बस. कडंला बसू नको."

सोमवारी दैवशाला सकाळच्या गाडीनं गेली. रडायचं नाही असं ठरवलेलं तिनं दारापर्यंत पाळलं. तिच्या मागं घरात जे झालं ते फार काही सुबक नव्हतं. शिवाजीनं पहिलं दूध जास्त गरम केलं, दुसरं थंड. गार्गी रडली, झोपली, उठली, पुन्हा रडली. आबा खाटेवरून सूचना देत होते, आणि शिवाजीनं शेवटी पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली तेव्हा सूचना बंद झाल्या. स्वतःच्या पोरांना त्यांनी असं कधी घेतलं होतं ते त्यांना आठवेना. मान कुठं धरायची असते?

"धरायची न्हाई आबा. आता धरती ती स्वतः," शिवाजी म्हणाला.

दुपारी कारखान्यातून क्रेनवरच्या पोराचा फोन आला. त्याची बायको पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती. रजेचा अर्ज मॅनेजरकडं द्यायचा का सरळ मॅडमकडं, एवढंच त्याला विचारायचं होतं. शिवाजीनं सांगितलं, सरळ मॅडमकडं. डिस्पॅचचा चार्ज भागवतसाहेबांनी पुढं खरोखरच दुसऱ्याला दिला, आणि शिवाजीला ते बरेच दिवस टोचत राहिलं. पण ती नंतरची गोष्ट.

ऊन कलल्यावर शिवाजीनं खाली गोधडी अंथरली आणि गार्गीला मध्ये बसवलं. दैवशाला रोज बसवायची तशीच, पाठीला हात देऊन. आबांनी पुढं चमचा वाजवला. ती चमच्याकडं बघत राहिली. शिवाजीनं हात जरा बाजूला घेतला, मग आणखी बाजूला. गार्गी बसलेलीच होती. डुलली, सावरली, पुन्हा बसली. कुणाच्या आधाराशिवाय.

दोघं बापलेक बघत राहिले. मग ती हळूच कलंडली आणि शिवाजीनं तिला झेललं.

"बसली रे," आबा म्हणाले.

शिवाजीनं फोन हातात घेतला, दैवशालाचं नाव काढलं, आणि बोट तसंच ठेवून थांबला. सहा महिने ती रोज या घरात होती, आणि नेमकं आज नव्हती. त्यानं आबांकडं पाहिलं.

"नको सांगू," आबा म्हणाले. "आपुन काही बघितलं न्हाई."

मग दोघांनी घरातल्या उशा गोळा केल्या. एक मागं, एक डावीकडं, एक उजवीकडं. दैवशाला येईपर्यंत त्यांनी गार्गीला बसवून बसवून इतका सराव करून घेतला, की ती कंटाळली.

दैवशाला आली ती चपला काढता काढताच हात पसरून. दिवस चांगला गेला होता. प्रयोगशाळेतल्या दोघा जुन्या माणसांनी कुरबूर केली, पण कामं केली. तिनं गार्गीला उचलायला हात पुढं केले, तेवढ्यात शिवाजी म्हणाला, "थांब, खाली बस जरा." त्यानं पोरीला गोधडीवर ठेवलं आणि हात काढून घेतला.

गार्गी आईकडं बघत बसली. ताठ, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एखाद्या पंचासारखी.

"अरे," आबा खाटेवरून म्हणाले. "बसली की पोरगी. शिवाजी, बघ. आत्ताच बसली. आईची वाट बघत होती."

"खरंच की," शिवाजी म्हणाला.

दैवशाला गुडघ्यावर बसली होती. हसत होती आणि डोळे पुसत होती. मग तिची नजर पोरीच्या मागं गेली. उशी. डावीकडं उशी, उजवीकडं उशी, आणि मागच्या उशीच्या अभ्र्यावर घामेजलेलं डोकं पुन्हा पुन्हा टेकून पडलेला ओला, गोल डाग.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं. दोघंही गार्गीकडं इतक्या आश्चर्यानं बघत होते, की तिला ते मोडवेना.

"व्हय," ती म्हणाली. "बसली. माझ्यासमोर बसली."